महूला गाड्या काढणाऱ्या जयंती मंडळांना एका गाडीवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
धुळे, जळगाव, नंदुरबार जिल्ह्यातली, दर १४ एप्रिलला महूला गाड्या काढणारी सगळी जयंती मंडळं, त्यांचे अध्यक्ष, खजिनदार आणि खास करून माइक धरणारे कार्यकर्ते

जय भीम मंडळी.

मी भाषणवाला माणूस नाही, गाडीवाला आहे. शिरपूर तालुक्यातला, सतरा सीटर ट्रॅव्हलर, लग्नाचं भाडं, वणी-शिर्डीचं भाडं, आणि गेली अकरा वर्षं १३ एप्रिलच्या रात्री महूचं भाडं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी माझी गाडी नेलीय, त्यामुळे वाचताना कोणाला वाटलं की हा आपल्याबद्दलच बोलतोय तर वाटू द्या, नाव मी कोणाचंच घेणार नाही. पैशाची तक्रार नाही. एका मंडळाकडे डिझेलचे थोडे बाकी आहेत ते त्यांना माहीत आहे, तो विषय वेगळा.

विषय असा आहे की तुम्ही माणसं बाबासाहेबांच्या जन्मगावी, मध्य प्रदेशातल्या महूला नेता आणि महू न दाखवता परत आणता.

रात्री दहा-अकराला गाडी निघते. पळासनेरला चहा, बिजासन घाटात पोरं झोपतात, खलघाटच्या पुलावर नर्मदेत नाणं टाकायला कोणीतरी कोणाला तरी उठवतं, गणपती घाट चढून मानपूर, पहाटे चारला महू. मग जन्मभूमीच्या स्मारकाची लाइन. तीन तास, चार तास, कारण त्या दिवशी अख्खा महाराष्ट्र तिथे उतरलेला असतो, नागपूरवाले, अकोला-वाशिमवाले, मराठवाड्यातले, बायाबापड्या लेकरं कडेवर घेऊन. लाइनीबद्दल मला काही म्हणायचं नाही, ती श्रद्धेची लाइन आहे. आत गेलं की दहा मिनिटं, वंदना, फोटो, बाहेर. आणि बाहेर आलं रे आलं की तुमचा माइक सुरू, चला चला चला गाडीत बसा, इंदूरला जायचंय, राजवाडा बघायचाय, छप्पन दुकानला खायचंय. झालं महू.

दोन वर्षांमागचं सांगतो. एका मंडळाच्या गाडीत एक बाबा होते, ऐंशीच्या जवळ आलेले, महार रेजिमेंटमधून रिटायर, एकाहत्तरच्या लढाईत होते. अख्ख्या रस्त्यात बोलले नाहीत, पुढच्या सीटवर माझ्या बाजूला बसले होते, गुडघा धरून. दर्शन झालं आणि माइकवाल्याला म्हणाले की मला ती पलटणीची शाळा बघायचीय जिथे बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार हेडमास्तर होते, निदान ती बाजू तरी बघू द्या. माइकवाला पोरगा चांगला आहे हो, पण घाईत होता, म्हणाला बाबा तिथे आता काही नाही, बसा गाडीत, ऊन लागेल. बाबा येऊन सीटवर बसले. बाकी लोक नाश्त्याला गेले तेव्हा मला म्हणाले, "भो, इतला दूर उनूत अन् शाळा नही दखाडी यास्नी."

मला कसंतरीच झालं. गाडी लॉक केली, म्हटलं चला बाबा, मी येतो.

फार नाही चाललो, त्यांचा गुडघा आणि माझं पार्किंग. पण अर्ध्या तासात त्या माणसाने मला जे दाखवलं ते मला आधीच्या नऊ वर्षांत दिसलं नव्हतं, आणि मी दरवर्षी त्याच गावात सात-आठ तास गाडीत एसी बंद करून झोपायचो. एक लांबच लांब बैठी इमारत होती, कौलारू, पुढे पडवी, खांबांना चुना. म्हणाले, ही लाइन. म्हटलं कसली लाइन? तर म्हणे पलटणीची लाइन, सगळ्या छावण्यांमधे अशीच असते, मी सागरला राहिलो तिथेपण अशीच होती. शिपाई इथे, त्याच्या मागे बायका-पोरांचे क्वार्टर, मधे परेडचं मैदान, साहेबांचे बंगले लांब, झाडीत, वाऱ्याच्या बाजूला, आणि बाजार तिसऱ्या बाजूला. मग थांबले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "आठेच कोठे तरी व्हई ती." म्हणजे इथेच कुठेतरी असेल ती शाळा.

पुढे एक गेट होतं, कुठल्या संस्थेचं ते लिहीत नाही. तिथून जाताना बाबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. उन्हाचा कडाका, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, तरी बटण लावलं आणि पाठ सरळ केली. संत्री पोरगाच होता, वीस-बावीसचा, त्याच्या नजरेतून काही सुटलं नाही, म्हणाला, "राम राम बाबा, कौन सी पलटन?" बाबांनी सांगितलं. त्याने मान वाकवली. बस एवढंच. त्याच गेटवर त्याच्या आदल्या वर्षी आपल्या गाडीतली पोरं रील काढायला गेली होती आणि मोबाईल जप्त करून घेऊन बसली होती दोन तास, मंडळाच्या अध्यक्षाला माफी लिहून द्यावी लागली. गेट तेच हो.

तेव्हापासून मी महूबद्दल वाचायला लागलो. पार्किंगमधे दुसरं काम काय असतं. आणि जे कळलं ते तुम्हाला सांगायचंय, कारण माइक तुमच्या हातात असतो, माझ्या हातात स्टिअरिंग.

पहिलं म्हणजे ते फुल फॉर्मचं बंद करा. दरवर्षी मानपूर आलं की कोणीतरी माइकवर सांगतंच की महू म्हणजे मिलिटरी हेडक्वार्टर ऑफ वॉर. व्हॉट्सअपवर पण फिरतं ते. असं काही नाही. इंग्रजांनी तिथे तंबू ठोकले १८१८ साली, आणि त्याच्या आधीपासून तिथे महू किंवा मऊ नावाचं खेडं होतं, छावणीने गावाचं नाव घेतलं. या नावाची गावं वरच्या हिंदुस्तानात आणखी आहेत, उत्तर प्रदेशात तर मऊ नावाचा अख्खा जिल्हा आहे, तिथे कुठलं वॉरचं हेडक्वार्टर होतं? मोहाच्या झाडावरून नाव पडलं असंही तिथले लोक सांगतात. आणि २००३ पासून तर सरकारी नाव डॉ. आंबेडकर नगर आहे, स्टेशनच्या पाटीवरही तेच, तरी बाजारात सगळे महूच म्हणतात, आपणही म्हणतो, त्यात बाबासाहेबांचा काही अपमान होत नाही. पण खोटा फुल फॉर्म सांगितला की खरी गोष्ट दबते, आणि खरी गोष्ट आपल्या दारातून गेलीय.

आपल्या दारातून म्हणजे थाळनेरहून. शिरपूरहून निघताना कोणी थाळनेरचं नाव घेत नाही माइकवर. घ्या. १८१७ च्या डिसेंबरात, २१ तारखेला, महिदपूरला होळकरांची फौज हरली. पुढे अकरा दिवसांनी १ जानेवारी १८१८ ला कोरेगाव भीमा झालं, ते तुम्हाला सांगायला नको. आणि कोरेगावनंतर पाचव्या दिवशी, ६ जानेवारीला, मंदसौरला होळकरांचा इंग्रजांशी तह झाला, इकडून तात्या जोग, तिकडून जॉन माल्कम. म्हणजे जी लढाई आपण दर १ जानेवारीला आठवतो आणि जे गाव १४ एप्रिलला बघायला जातो, ती दोन्ही एकाच युद्धातली, आठवड्याभराच्या अंतराने. हे मला कोणी आधी सांगितलंच नव्हतं, तुम्हाला सांगितलं होतं का?

त्या तहात दोन गोष्टी झाल्या. होळकरांच्या मुलखात इंग्रजी फौज राहणार असं ठरलं, म्हणून माल्कमने इंदूरपासून तेवीसेक किलोमीटरवर महूला छावणी टाकली, राजाच्या इतक्या जवळ की डोळा ठेवता येईल आणि इतक्या लांब की रोज तोंड बघायला नको. आणि सातपुड्याच्या खालचा सगळा होळकरी मुलूख इंग्रजांना गेला. त्यात आपलं थाळनेर होतं, पलीकडचा सेंधव्याचा किल्लाही त्यांनी घेतला. महिदपूर जिंकलेली इंग्रजांची फौज जनरल हिस्लॉप घेऊन सेंधव्याच्या वाटेनेच खाली उतरला, ज्या घाटातून आपण रात्री झोपून वर जातो त्याच बाजूने, आणि २७ फेब्रुवारीला थाळनेरला पोचला. किल्ल्याच्या दारात गडबड झाली, इंग्रजांचे अधिकारी मारले गेले, मग आत घुसून त्यांनी अरब शिबंदी कापून काढली आणि किल्लेदाराला फासावर दिलं. तापीच्या काठावर तो पडका बुरूज आहे ना जिथे पोरं पोहायला जातात, तिथे. मालेगावच्या किल्ल्याने जूनपर्यंत दम काढला. म्हणजे महूची छावणी आणि खान्देशातलं इंग्रजांचं राज्य ही एकाच कागदाची दोन पोरं आहेत.

छावणी आपल्यालाही नवीन नाही. मालेगावला कॅम्प म्हणतात तो भाग कशामुळे? तिथेही पलटण होती, आणि तेव्हा मालेगाव खान्देशात होतं, नाशिक जिल्हा वेगळा झाला १८६९ ला. धरणगावला १८२५ साली औट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभी केली, सातपुड्यातल्या आणि अजिंठ्याच्या डोंगरातल्या भिल्लांनाच वर्दी देऊन, चाळीसगावहून कन्नडला चढणारा औट्रम घाट त्याच्याच नावाचा. पण त्या पलटणी गेल्या, नुसती नावं राहिली. महू अजून चालू छावणी आहे, दोनशे वर्षं झाली, आणि तिथे गेल्यावर कळतं की छावणी म्हणजे काय असते, म्हणून म्हणतो बघा.

छावणीचं गाव आपल्या गावासारखं वाढलेलं नसतं. आपल्याकडे नदी असते, मग घाट, देऊळ, पेठ, गल्ल्या, आणि गावाबाहेर वस्त्या, आणि कोण गावात आणि कोण गावाबाहेर ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. छावणी फूटपट्टी लावून आखतात. गोऱ्या पलटणी एका बाजूला, देशी पलटणी दुसऱ्या बाजूला, मधे मैदान, सदर बाजार, चर्च, कब्रस्तान, बंगले. बंगल्यांची जमीन सरकारची आणि घर राहणाऱ्याचं असा त्यांचा एक जुना कायदा, ओल्ड ग्रँट म्हणतात, त्यावरून अजून कोर्टात भांडणं चालतात सगळ्या छावण्यांमधे. बाजारात पारशी आले, बोहरी आले, मारवाडी आले, कारण पलटणीला पाव लागतो, दारू लागते, शिंपी लागतो, घोड्याचं नाल लागतं. महूला अजून पारशांची अग्यारी आहे. मेन स्ट्रीटवर गेलात तर बघा, गावाचा मुख्य रस्ता आणि नाव मेन स्ट्रीट, सरळसोट, आपल्या पेठेसारखा वाकडातिकडा नाही.

आणि बाबासाहेबांचा जन्म झाला तो भाग कोणता? काली पलटन. तुम्ही ते नाव माइकवर घेता पण अर्थ सांगत नाही. काली पलटन म्हणजे देशी शिपायांची पलटण, गोऱ्यांची ती गोरी, आपली ती काळी. नावातच भेदभाव भरलेला. पण त्या काळ्या पलटणीच्या आत काय होतं ते बघा. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचं घराणं, आजोबा मालोजी फौजेत, आईचं माहेर मुरबाडकर तेही फौजेतलं, वडील रामजी सुभेदार. गावात असते तर गावाबाहेर राहिले असते. इथे लाइनीत क्वार्टर मिळालं. आणि फौजेत शिपायांच्या पोरांना शाळा सक्तीची होती, मुलांना पण आणि मुलींना पण, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. विचार करा, मुलींना पण, त्या काळात. रामजी त्या शाळेत हेडमास्तर. घरात इंग्रजी येणारा, मराठी येणारा, कबीर म्हणणारा बाप, चौदावं अपत्य हे, १४ एप्रिल १८९१. हे सगळं गावकुसाबाहेरच्या कुठल्या झोपडीत झालं असतं का? म्हणून मला वाटतं की स्मारकात दहा मिनिटं आणि त्या लाइनींना शून्य मिनिटं हा हिशोब चुकीचा आहे.

आता कोणी म्हणेल की मग इंग्रजांचे उपकार म्हणायचे का? नाही भो. ऐका पुढचं. बाबासाहेब जन्मले आणि वर्ष-दोन वर्षांतच, १८९२-९३ च्या सुमाराला, त्याच इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. लढवय्या जाती आणि बिनलढवय्या जाती असं काहीतरी त्यांच्या डोक्यात भरलं होतं. ज्यांनी कोरेगावला लढून दिलं त्यांनाच सांगितलं की तुम्ही लढवय्ये नाही. भरती बंद म्हणजे पगार बंद, पेन्शन बंद, क्वार्टर बंद, आणि शाळाही बंद. गोपाळबाबा वलंगकर, ते पण रिटायर शिपाई, दापोलीचे, त्यांनी अर्ज-विनंत्या केल्या, त्यात रामजीही होते, पण दार उघडलं नाही. रामजी पेन्शनीत गेले आणि घर महूहून दापोलीला गेलं. तिथेही बघा, दापोलीला लोक अजून कॅम्प दापोली म्हणतात, पेन्शनर शिपायांचं गाव. मग सातारा. म्हणजे बाबासाहेबांचं लहानपण एका छावणीतून दुसऱ्या छावणीत गेलं, आणि छावणीच्या बाहेर पाय पडला तेव्हा जात कळल्यावर गाडीवाले गाडीत घ्यायला तयार होईनात, ती गोरेगावच्या प्रवासाची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. मी ती गोष्ट वाचली तेव्हा मला जास्त लागली, कारण मी पण गाडीवाला.

भरतीचं दार परत उघडलं पहिल्या महायुद्धात, १९१७ ला १११ महार्स नावाची पलटण काढली, गरज संपली, १९२१ ला मोडून टाकली. मग १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तोपर्यंत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या डिफेन्स कौन्सिलवर होते आणि त्यांनी हा विषय लावून धरला होता. आमचे बाबा त्या रेजिमेंटचे. पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा खांब होता, नंतर तो काढून कट्यार आली, असं त्यांनीच मला सांगितलं, आणि गाडीच्या काचेवर बोटाने खांब काढून दाखवला, वाफ होती काचेवर.

हे सगळं सांगायला मानपूर ते महू एवढा वेळ पुरतो. एक गाणं कमी लावा.

दुसरं म्हणजे, आजचं महू. तिथे फौज आहे म्हणजे तोफा-रणगाडे उभे असतील असं पोरांना वाटतं. तिथे आहेत शाळा. इन्फंट्री स्कूल, स्वातंत्र्यानंतर लगेचच्या काळापासून. सिग्नलवाल्यांचं टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगचं कॉलेज. आणि आर्मी वॉर कॉलेज, जे १९७१ पासून कॉलेज ऑफ कॉम्बॅट होतं आणि २००३ ला, म्हणजे गावाचं नाव बदललं त्याच वर्षी, त्याचंही नाव बदललं. फौजेचं ट्रेनिंग कमांडसुद्धा १९९१ ला महूलाच सुरू झालं होतं, ९३ ला शिमल्याला गेलं. देशभरातले अधिकारी तिथे वर्गात बसून शिकतात. नेमबाजांची युनिट आहे तिथे, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला चांदीचं मेडल घेतलेला विजय कुमार तिथलाच तयार झालेला. म्हणजे रामजी हेडमास्तर ज्या गावात शिकवत होते ते गाव अजूनही शिकवण्याचंच काम करतंय. मला तर हे फुल फॉर्मपेक्षा जास्त भारी वाटतं. गाडीत मागच्या सीटवर जी भरतीची तयारी करणारी पोरं असतात, पहाटे पाचला शिरपूर-शहादा रोडवर पळणारी, छाती फुगवून मोजणारी, त्यांना इन्फंट्रीचं म्युझियम दाखवा. छप्पन दुकान पुढच्या वेळी.

एक १८५७ ची गोष्ट राहिली. १ जुलैला सकाळी इंदूरच्या रेसिडेन्सीवर, म्हणजे इंग्रजांच्या प्रतिनिधीच्या कोठीवर, होळकरांच्या फौजेतल्या सादत खानाने हल्ला केला आणि त्याच रात्री महूच्या छावणीत २३ वी बंगाल पलटण उठली, त्यांचा कर्नल प्लॅट मारला गेला. इंग्रज किल्ल्यात दडून बसले. महिन्याभराने औरंगाबादच्या बाजूने निघालेली फौज असीरगडावरून वर जाऊन पोचली तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला. आणि त्याच वर्षी आपल्या घाटात खाज्या नाईक उठला होता, आधी सेंधवा घाटाची राखण करणारा माणूस, इंग्रजांचाच पगारी. इंदूरहून मुंबईकडे चाललेला खजिना त्याने आणि भीमा नाईकाने लुटला, पुढे ११ एप्रिल १८५८ ला आंबापाणीला लढाई झाली. बिजासन देवीला नारळ फोडता तेव्हा एवढं एक वाक्य सांगितलं तर पावली कुठे जात नाही. आदिवासी पोरं पण असतात आपल्या गाड्यांमधे, शिरपूर-शहाद्याकडची, त्यांना वाटतं हे सगळं दुसऱ्यांचं चाललंय. महूपासून जवळच पातालपाणी, तिथे इंग्रजांशी लढलेल्या तंट्या भिल्लाचं देऊळ आहे, १८८९ ला जबलपूरला फाशी दिली त्याला, आणि रेल्वेच्या गाड्या तिथे मिनिटभर थांबायच्या, थांबली नाही तर गाडी पुढे जात नाही म्हणे. स्टेशनला त्याचंच नाव द्यायची घोषणाही झालीय.

आमच्या त्या फौजी बाबांनी ती गाडी थांबलेली बघितलीय. त्यांची पहिली महूची वारी जळगावहून खंडवा आणि खंडव्याहून छोट्या लाइनने, मीटरगेजने, कालाकुंडच्या घाटात मागून दुसरं इंजिन लावायचे, पोरं उतरून बाजूने चालायची आणि परत चढायची असं ते सांगतात, थोडं वाढवूनही सांगत असतील. ती लाइन आता बंद पडलीय, फक्त पातालपाणी ते कालाकुंड पर्यटकांची गाडी ठेवलीय. इकडे मनमाड-इंदूर लाइनला २०२४ च्या सप्टेंबरात केंद्राने मंजुरी दिली, ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी, धुळे-शिरपूर-सेंधव्यावरून. आमच्या वडिलांच्या लग्नाआधीपासून ती लाइन येतेय. आली की माझं भाडं जाईल, जाऊ द्या, पण तोपर्यंत तुम्ही माझ्याच गाडीत बसणार आहात म्हणून बोलतोय.

घाई यासाठीही करतोय की छावण्यांचं रूप बदलायला लागलंय. देशात बासष्ट छावण्या होत्या, २०२३ च्या एप्रिलमधे हिमाचलमधल्या योलपासून सुरुवात झाली, सिव्हिल भाग पालिकेत टाकायचा आणि फौजेचा भाग कुंपणाच्या आत घ्यायचा. चांगलं का वाईट ते तिथे राहणाऱ्याला विचारा, ज्याला घरावर एक मजला चढवायला वीस वर्षं परवानगी मिळत नाही तो पेढे वाटेल. पण कुंपण वाढलं की आज जी लाइन रस्त्यावरून दिसते ती उद्या दिसेलच असं नाही.

तर माझं म्हणणं असं. १४ लाच जायचं असेल तर १३ ला सकाळी निघा, दुपारी पोचा, संध्याकाळी गाव बघा, रात्री तिथे भोजनदान असतंच, पहाटे लाइनीला लागा. नाहीतर सरळ आठवडा उशिरा चला, बाबासाहेब काही म्हणणार नाहीत. म्हाताऱ्या माणसांना, आणि त्यात कोणी फौजी असेल तर त्याला, माइक द्या. गेटसमोर रील नाही, कुठल्याच गेटसमोर नाही. आणि येताना उतारावर ड्रायव्हरला "पळव ना भो" म्हणायचं नाही, गणपती घाटात ट्रकांचे ब्रेक कसे जातात ते मी डोळ्यांनी बघितलंय, आता उतरायला वेगळा रस्ता केलाय तरी म्हणायचं नाही.

या वर्षी १३ ची रात्र माझी बुक आहे, ज्यांनी केलीय त्यांना हे सगळं तोंडी सांगून झालंय आणि ते हो म्हणालेत, बघू. पण २५ एप्रिलला मी एक गाडी माझ्याकडून काढतोय, फक्त डिझेल आणि टोल वाटून घ्यायचा. सकाळी सहाला शिरपूर फाट्यावरून. वाटेत थाळनेरला अर्धा तास, मग कुठे न थांबता वर. बाबा येणार आहेत, पुढची खिडकीची सीट त्यांची. तेरा जागा भरल्यात, तीन राहिल्यात. डबा आपापला आणा, कळण्याची भाकरी आणि ठेचा असेल तर माझ्यापुरता जास्तीचा, सेंधव्याच्या पुढे मला कुठलंच जेवण तिखट लागत नाही.

आपला,
एक गाडीवाला, शिरपूर